घरची आई आणि मैदानावरची कोच

प्रश्न : माझा मुलगा ११ वर्षांचा आहे आणि एका क्लबच्या १२ वर्षांखालील फुटबॉल संघात खेळतो. गेल्या मोसमाच्या अखेरीस संघाचे प्रशिक्षक सोडून गेले. नवे कोणी मिळाले नाही, तर संघ बंद करावा लागेल, असे क्लबने पालकांच्या बैठकीत सांगितले, तेव्हा मी हात वर केला. महाविद्यालयात असताना मी फुटबॉल खेळले आहे आणि मुलांना शिकवणे मला मनापासून आवडते. संघात १४ मुले आहेत. पहिले दोन महिने फार छान गेले. त्यानंतर एका पालकांनी सर्वांसमोर तक्रार केली की, प्रशिक्षकांचा मुलगा कायम मिडफिल्डला असतो आणि आमची मुले बाकावर बसतात. ते शब्द मला लागले. पक्षपाताचा आरोप नको म्हणून मी माझ्या मुलाला मुद्दाम कमी खेळवू लागले. मागच्या आठवड्यात सामना संपवून घरी जाताना तो म्हणाला, "दुसऱ्या कोणाचा पास चुकला की तू म्हणतेस, 'हरकत नाही, पुढचा बघ.' माझा चुकला की म्हणतेस, 'पुन्हा तेच?'" मी त्याला म्हटले की, तू माझा मुलगा आहेस, तुझ्याकडून माझ्या अपेक्षा जास्त असणारच. त्या दिवसापासून सरावाच्या वेळी त्याचे पोट दुखू लागते. पुढच्या मोसमाचे काय, असे क्लबने विचारले आहे. हे काम सोडले तर संघ मोडेल आणि न सोडले तर माझा मुलगा फुटबॉल सोडेल, अशी भीती वाटते. मी काय करावे?

– एक आई, एक प्रशिक्षक

उत्तर : तुमच्या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा भाग तुमच्या मुलाच्या तोंडचा आहे. ११ वर्षांच्या मुलाने आपल्या आईचे दोन वेगवेगळे प्रतिसाद शब्दशः लक्षात ठेवले, ते एकमेकांशेजारी मांडले आणि तुमच्यासमोर ठेवले. त्याने आदळआपट केली नाही, "तू वाईट आहेस" असेही म्हटले नाही. जे घडते ते त्याने सांगितले. इतके स्पष्ट बोलणारे मूल आपल्या आईवर अजून विश्वास ठेवून आहे, हे आधी लक्षात घ्या. ज्या मुलांचा तो विश्वास उडालेला असतो, ती बोलत नाहीत; ती फक्त बूट घालायचे बंद करतात.

आता तुमच्यापुढे दोन तक्रारी आहेत आणि त्या परस्परविरोधी वाटतात. पालक म्हणतात की तुम्ही मुलाला झुकते माप देता, मुलगा म्हणतो की तुम्ही त्याच्याशी जास्त कठोर वागता. माझ्या मते दोन्ही तक्रारी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. मिडफिल्डची जागा त्याला खरोखरच नेहमी मिळत असेल आणि शब्द मात्र त्याच्याच वाट्याला कडू येत असतील. दोन्हींचे मूळ एक आहे : त्याच्याविषयीचा प्रत्येक निर्णय तुमच्या एकटीच्या हाती आहे आणि तो घेताना तुमची नजर मुलाच्या खेळापेक्षा पाहणाऱ्यांच्या चेहऱ्यांकडे जाते. आरोपाआधी तुम्ही त्याला एका मापाने मोजत होता, आरोपानंतर दुसऱ्या मापाने मोजू लागलात. इतर १३ मुलांना जे माप लावता, ते त्याला कधी लागलेच नाही.

हे तुमच्याच बाबतीत घडले आहे असे समजू नका. वाइस आणि फ्रेटवेल या संशोधकांनी २००५ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. फुटबॉल संघांना शिकवणारे वडील, त्याच संघांत खेळणारी त्यांची मुले आणि त्या मुलांचे सहकारी, अशा तिघांच्याही मुलाखती त्यांनी घेतल्या होत्या. मुलांनी चांगल्या गोष्टीही सांगितल्या : वडिलांसोबत वेळ मिळतो, खेळातले बारकावे शिकायला मिळतात, संघातल्या गोष्टी आतून कळतात. त्याच मुलांनी पुढे हेही सांगितले की अपेक्षांचे दडपण येते, चुकीबद्दल इतरांपेक्षा जास्त बोलणी खावी लागतात आणि कधी कधी अन्याय होतो. वडिलांनीही कबूल केले की बाप आणि प्रशिक्षक या दोन भूमिका वेगळ्या ठेवणे त्यांना जमत नाही. अभ्यास मोजक्या कुटुंबांचा आहे, त्यामुळे त्यावरून सरसकट नियम काढता येणार नाही. तरीही तुमच्या मुलाचे म्हणणे त्या मुलांच्या म्हणण्याशी इतके जुळते की, यात तुमच्या स्वभावाचा दोष शोधण्याऐवजी या व्यवस्थेतच असलेली अडचण ओळखणे अधिक योग्य ठरेल.

"तुझ्याकडून माझ्या अपेक्षा जास्त आहेत" या तुमच्या वाक्याबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे. ते तुम्ही प्रेमाने म्हणालात, यात मला शंका नाही. परंतु संघातल्या दुसऱ्या एखाद्या मुलाला प्रशिक्षकाने रागावले, तर ते मूल घरी जाऊन आईला सांगते. आई ऐकून घेते, कदाचित प्रशिक्षकाची बाजू समजावते, कदाचित नुसतीच जवळ घेते. तुमच्या मुलाला ही सोय नाही. ज्या व्यक्तीने त्याला मैदानात सर्वांसमोर टोकले, तीच व्यक्ती त्याला घरी घेऊन जाते आणि तीच त्याला जेवायला वाढते. अशा वेळी "तू माझा मुलगा आहेस म्हणून" हे शब्द ऐकले की, मुलगा असणे हेच कठोर वागणुकीचे कारण आहे, असा अर्थ त्याच्यापर्यंत पोहोचतो. हे वाक्य मागे घ्या. त्याला शांतपणे सांगा की, "तू म्हणालास ते मी तपासले. तुझे बरोबर होते. मी तुझ्याशी वेगळी बोलते आणि ते मी बदलणार आहे." याला स्पष्टीकरण जोडू नका. "पण तूही लक्ष द्यायला हवेस" असे शेपूट तर मुळीच जोडू नका.

या ठिकाणी तुम्हाला कोणीतरी प्रसिद्ध उदाहरणे देईल. टेनिसपटू राफेल नदालला त्याचे काका टोनी नदाल यांनी लहानपणापासून शिकवले आणि इतर मुलांपेक्षा आपण पुतण्याशी जास्त कडक वागलो, हे टोनी यांनी उघडपणे सांगितलेले आहे. ते खरे आहे. मात्र टोनी हे काका होते, राफेलचे आईवडील वेगळे होते आणि त्या घरात त्याला जवळ घेणारी माणसे प्रशिक्षकाहून निराळी होती. टेनिसपटू अँडी मरेची आई ज्युडी मरे स्वतः टेनिस प्रशिक्षक. दोन्ही मुलांना सुरुवातीला त्यांनीच शिकवले. तरीही अँडी १५ वर्षांचा असताना बार्सिलोनातल्या अकादमीत इतर प्रशिक्षकांकडे शिकायला गेला. शिवाय कडक वागणुकीखाली यशस्वी झालेल्यांची नावे आपल्याला ठाऊक असतात; त्याच वागणुकीला कंटाळून ज्यांनी १२व्या-१३व्या वर्षी खेळ सोडला, त्यांची नावे कोणालाच ठाऊक नसतात. तुमच्या निर्णयाचा आधार म्हणून ही उदाहरणे घेऊ नका.

मोसम चालू असताना काम सोडू नका, असे माझे मत आहे. पालकांच्या स्वयंसेवेवाचून मुलांचे खेळ जगात फारसे कुठे चाललेले नाहीत. अमेरिकेत कार्ल स्टॉट्झ यांनी १९३९ साली विल्यम्सपोर्ट येथे तीन संघांची बेसबॉल लीग सुरू केली, तिचीच पुढे 'लिटल लीग' झाली आणि ती आजही मुख्यतः स्वयंसेवकांच्या जोरावर चालते. तुम्ही हात वर केला नसता तर १४ मुलांना खेळायला संघच उरला नसता. ते काम मोठे आहे आणि त्याची किंमत तुम्ही स्वतःच कमी लेखू नका. दुसरे कारण तुमच्या मुलाशी संबंधित आहे. आज तुम्ही अचानक थांबलात, तर आपण बोललो म्हणून आईने संघ सोडला आणि मित्रांचा संघ मोडला, हे ओझे त्याच्या माथी बसेल. पुन्हा कधी तो मनातले बोलणार नाही. राहा, परंतु त्याच्याविषयीचे निर्णय स्वतःच्या हातातून काढून घ्या. ते कसे करायचे, ते सांगते.

पहिला निर्णय कोण किती वेळ खेळणार, हा. या वयाचे सामने बऱ्याच ठिकाणी नऊ-नऊ खेळाडूंचे असतात. तुमचा सामना ३०-३० मिनिटांच्या दोन डावांचा आहे असे धरू. त्याचे १५-१५ मिनिटांचे चार भाग करा. प्रत्येक भागात ९ म्हणजे एकूण ३६ जागा झाल्या. त्या १४ मुलांत वाटल्या, तर ८ मुलांना तीन-तीन भाग आणि ६ मुलांना दोन-दोन भाग खेळायला मिळतात. ज्या ६ जणांना या सामन्यात दोन भाग मिळाले, त्यांना पुढच्या सामन्यात तीन द्यायचे. हा तक्ता सामन्याच्या आदल्या रात्री कागदावर लिहून काढा. उभ्या रकान्यांत चार भाग, आडव्या ओळींत १४ नावे, प्रत्येक चौकटीत जागा : गोलरक्षक, बचाव, मिडफिल्ड, आघाडी किंवा बाक. मग तुमच्या मुलाच्या नावावर बोट ठेवून मागच्या चार सामन्यांच्या ओळी पाहा. तो मिडफिल्डलाच दिसत असेल, तर त्या पालकांचे म्हणणे बरोबर होते, असे मोकळेपणाने म्हणा आणि त्याला इतरांसारखेच बचावात, आघाडीत, गोलमध्ये फिरवा. जागा बदलत राहणे या वयात सर्वच मुलांच्या हिताचे आहे. ११व्या वर्षी एखादे मूल कायमचे बचावपटू ठरवण्याइतके आपल्याला त्याच्याबद्दल काहीच माहीत नसते. तो अलीकडे सर्वांत कमी खेळलेला दिसेल, तर तेही तितकेच चूक आहे. त्याला त्याचा न्याय्य वाटा परत द्या, आणि देताना कोणाची परवानगी मागू नका.

तक्ता आणि घड्याळ सामन्याच्या दिवशी तुमच्या हाती असू नये. दर सामन्याला एका पालकाकडे ते काम द्या. त्यांनी वेळ पाहायची आणि "आता हे तिघे आत, हे तिघे बाहेर" असे तक्त्यावरून वाचून सांगायचे. पहिली पाळी तक्रार करणाऱ्या पालकांना द्या. हा त्यांना अडकवण्याचा डाव आहे असे त्यांना वाटू नये, म्हणून आधी त्यांना भेटून सांगा की, "तुम्ही बोललात त्यानंतर मी मागचे सामने तपासले आणि ही पद्धत आखली. ती नीट पाळली जाते का हे पाहायला मला कोणीतरी हवे आहे." आपले मूल बाकावर बसलेले पाहून वाईट वाटणे स्वाभाविक असते, तक्रार सर्वांसमोर करणे मात्र योग्य नव्हते, आणि यापुढे सामन्याच्या दिवशी कोणतीही तक्रार ऐकली जाणार नाही, दुसऱ्या दिवशी शांतपणे बोलू, हा नियम तुम्ही सर्व पालकांना एकदाच लिहून कळवा. अनेक क्लब हा २४ तासांचा नियम पाळतात आणि त्याने बरेच कटू शब्द बोलायचे राहून जातात.

तुम्ही विचाराल की, समान वेळ दिली तर सामने हरायला लागू. कदाचित काही हराल. नॉर्वेच्या क्रीडा महासंघाने मुलांच्या खेळासाठी केलेले नियम या संदर्भात पाहण्यासारखे आहेत : ११ वर्षांआधी मुलांच्या स्पर्धांचे निकाल आणि क्रमवारी प्रसिद्ध करायची नाही आणि १३ वर्षांआधी राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा घ्यायची नाही. अवघ्या ५५ लाखांच्या आसपास लोकसंख्या असलेला तो देश हिवाळी ऑलिम्पिकच्या पदकतालिकेत वारंवार अग्रस्थानी असतो. त्याची कारणे अनेक आहेत, हा एकच नियम त्याचे कारण आहे असे मी म्हणणार नाही; परंतु लहान वयात निकालाला महत्त्व न दिल्याने मोठेपणी खेळाडू घडत नाहीत, ही समजूत तरी त्यामुळे टिकत नाही.

दुसरी गोष्ट शब्दांची आणि ती मला वेळेच्या तक्त्यापेक्षाही मोठी वाटते. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मॉल या मानसशास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात लिटल लीगच्या प्रशिक्षकांचे निरीक्षण केले. मैदानाच्या कडेला बसून प्रशिक्षक कोणत्या प्रसंगी काय बोलतो आणि काय करतो, याची प्रसंगागणिक नोंद त्यांच्या निरीक्षकांनी केली. नंतर प्रशिक्षकांना विचारले की तुम्ही कसे वागता, आणि मुलांनाही विचारले की तुमचे प्रशिक्षक कसे वागतात. बहुतांश बाबतींत प्रशिक्षकांना स्वतःच्या वागण्याची नीट कल्पना नव्हती. मुलांचे सांगणे प्रत्यक्ष नोंदींशी अधिक जुळत होते. म्हणजे "हरकत नाही" आणि "पुन्हा तेच" याबाबत तुमच्या स्मरणापेक्षा तुमच्या मुलाच्या स्मरणावर विश्वास ठेवणे शहाणपणाचे आहे. स्मिथ आणि स्मॉल यांनी पुढे प्रशिक्षकांसाठी छोटा अभ्यासक्रम तयार केला. चूक झाली की लगेच धीर द्यायचा, मग दुरुस्ती सांगायची आणि प्रयत्नाचे कौतुक निकालावर अवलंबून ठेवायचे नाही, एवढाच त्याचा गाभा. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या गटाच्या अभ्यासात, हा अभ्यासक्रम केलेल्या प्रशिक्षकांच्या संघांतली ५ टक्के मुले पुढच्या वर्षी परतली नाहीत, तर तो न केलेल्यांच्या संघांतली २६ टक्के मुले परतली नाहीत. त्यांच्या आधीच्या एका अभ्यासात तर असेही दिसले होते की सामने जिंकण्याच्या प्रमाणात दोन्ही गटांत फरक नव्हता, आणि ज्या मुलांचा स्वतःवर फारसा विश्वास नव्हता, त्यांना अशा प्रशिक्षकांचा सर्वाधिक फायदा झाला.

तुम्ही हेच लहान प्रमाणावर करू शकता. पुढच्या एखाद्या सरावाला एखाद्या पालकाला वही देऊन कडेला बसवा. तुम्ही कोणत्या मुलाला काय म्हणालात, ते त्यांनी फक्त लिहायचे. मत द्यायचे नाही. "छान प्रयत्न", "मान वर करून बघ", "काय चाललंय तुझं", जे असेल ते, नावासकट. घरी गेल्यावर आधी इतर मुलांच्या नावापुढची वाक्ये वाचा, मग तुमच्या मुलाच्या नावापुढची. तुम्ही १३ मुलांशी ज्या स्वरात बोलता, तोच स्वर १४व्या मुलाला कसा द्यायचा, हे त्यानंतर कोणी शिकवावे लागणार नाही.

तेवढ्यावर न थांबता सहायक नेमा. तो दुसऱ्या एखाद्या मुलाची आई किंवा वडील असू द्या. मग तुमच्या मुलाच्या खेळातल्या सुधारणा त्या सहायकाने सांगायच्या आणि त्यांच्या मुलाच्या किंवा मुलीच्या तुम्ही सांगायच्या. हे ऐकायला कृत्रिम वाटते, परंतु प्रत्यक्षात दोन्ही मुलांना मोकळे करते, कारण "डाव्या पायानेही मारून बघ" हे वाक्य आईने म्हटले की टोमणा वाटतो आणि मित्राच्या बाबांनी म्हटले की सूचना वाटते. मैदानावर तुम्हाला "आई" म्हणायचे की "कोच", हेही त्यालाच ठरवू द्या. काही मुलांना "कोच" म्हणण्याने सुटल्यासारखे वाटते, काहींना त्याच शब्दाने आई हरवल्यासारखी वाटते.

इजेच्या बाबतीतही हीच पद्धत ठेवा. डोक्याला मार लागला आणि मेंदूला धक्का बसल्याची शंका आली, तर त्या दिवशी मूल पुन्हा मैदानात उतरवायचे नाही आणि डॉक्टरांनी तपासून परवानगी दिल्याशिवाय खेळवायचे नाही, हा नियम आज सर्वत्र मान्य आहे. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्याने २००९ साली त्याचा कायदाच केला. हेडिंगबद्दलही, म्हणजे डोक्याने चेंडू मारण्याबद्दलही, सावध राहा : अमेरिकेच्या फुटबॉल महासंघाने २०१५ साली १० वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी हेडिंग बंद केले आणि ११ ते १३ वयोगटात सरावातले हेडिंग मर्यादित केले. तुमच्या क्लबचे याविषयीचे नियम विचारून घ्या. स्वतःचे मूल जमिनीवर पडलेले पाहून आई एक तर घाबरते, नाही तर लोक पाहत आहेत म्हणून "ऊठ, काही झालेले नाही" असे म्हणते. म्हणून तुमचा मुलगा पडला, तर त्याच्याकडे सहायकाने जायचे आणि तो खेळेल की नाही हे सहायकाने ठरवायचे, असे आधीच ठरवून ठेवा.

आता पोटदुखी. आधी डॉक्टरांना दाखवा, कारण शारीरिक आजाराची शक्यता वगळली पाहिजे. मनावर ताण असला की मुलांचे पोट खरोखर दुखते. ते सोंग नसते आणि तसे त्याला कधीही म्हणू नका. तो म्हणाला की आज जमणार नाही, तर त्याला घरी राहू द्या आणि ज्या नियमाने दुसऱ्या आजारी मुलाला सूट मिळते, त्याच नियमाने त्यालाही मिळू द्या. याच निमित्ताने तो आठवड्यात एकूण किती तास खेळतो, हेही मोजा. क्लबचा सराव, शाळेचा सराव, सामना आणि घरी तुमच्यासोबतचा "थोडासा" सराव, हे सगळे धरून. डॉ. नीरू जयंती आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०१५ सालच्या अभ्यासात असे आढळले की, जी मुले आठवड्यात आपल्या वयापेक्षा जास्त तास संघटित खेळ खेळतात, त्यांना अतिवापराच्या गंभीर दुखापतींचा धोका अधिक असतो. म्हणजे तुमच्या मुलासाठी ११ तास ही वरची मर्यादा. प्रशिक्षकांच्या मुलांच्या बाबतीत घरचा सराव बहुतेकदा या हिशेबातून निसटतो.

सामन्यानंतर घरी जाण्याचा रस्ता त्याचा आहे. त्या प्रवासात सामन्याचा विषय तुम्ही काढायचा नाही. त्याने काढला तर ऐका आणि त्याने विचारले तेवढ्याचेच उत्तर द्या. त्याने तीन सामने विषय काढला नाही, तरी चौथ्यालाही तुम्ही काढू नका. प्रशिक्षक म्हणून तुम्हाला जे सांगायचे आहे, ते पुढच्या सरावात, सगळ्या संघासोबत सांगता येते. त्याहून तातडीचे असे १२ वर्षांखालच्या फुटबॉलमध्ये काहीही नसते. आठवड्यात एक वेळ अशी ठेवा की ज्यात फुटबॉल येणार नाही. त्याला चित्रे आवडत असतील तर चित्रे, सायकल आवडत असेल तर सायकल. तुमच्या दोघांमध्ये खेळाशिवायही पुष्कळ काही आहे, हे त्याला पुन्हा दिसू द्या.

राहिला पुढच्या मोसमाचा प्रश्न. क्लबला आजच उत्तर देऊ नका. हे सगळे बदल केल्यावर दीड-दोन महिन्यांनी देईन, असे लेखी कळवा. सोबत आणखी एक मागणी करा : प्रशिक्षकांसाठीचा प्राथमिक अभ्यासक्रम, प्रथमोपचार आणि बालसुरक्षेचे प्रशिक्षण क्लबने तुम्हाला आणि तुमच्या सहायकाला द्यावे. कोणत्याही प्रौढाने एकट्या मुलासोबत एकांतात राहू नये, यासारखे साधे नियम लेखी असावेत. तुम्ही स्वयंसेवक आहात म्हणून तुम्हाला तयारीवाचून मैदानात सोडणे मुलांच्याही हिताचे नाही आणि तुमच्याही नाही. याच पत्रात क्लबला सांगा की, त्यांनी आतापासूनच दुसरा प्रशिक्षक शोधायला लागावे. संघाचे अस्तित्व एका आईच्या होकारावर टांगून ठेवणे ही क्लबची चूक आहे, ती तुम्ही आपल्या शिरावर घेऊ नका.

दोन महिन्यांनी मुलाला विचारा. प्रश्न असा विचारू नका की, "मी कोच राहिलेले तुला आवडेल ना?" त्या प्रश्नाला प्रेमळ मूल एकच उत्तर देऊ शकते. त्याच्यासमोर तीन पर्याय ठेवा : आई प्रशिक्षक आणि तू याच संघात, आई याच संघाची प्रशिक्षक आणि तू दुसऱ्या संघात, किंवा संघाला दुसरे प्रशिक्षक आणि आई कडेला बसून सामना बघणारी. तिन्ही पर्याय तुम्हाला खरोखर मान्य असतील, तरच ठेवा. त्याला विचार करायला आठवडा द्या आणि उत्तर बोलून नको असेल तर चिठ्ठीत लिहून द्यायला सांगा. तो जे निवडेल त्याचे कारण विचारू नका. तो आपणहून सांगेल, तर ऐका.

त्याने तिसरा पर्याय निवडला, तर संघाला तसे कळवताना त्याचे नाव येऊ देऊ नका. "पुढच्या मोसमात मला मुलाची आई म्हणून मैदानावर यायचे आहे" एवढे सांगितले तरी पुरे. ते खरेही आहे आणि त्यात कोणाला उणे नाही. नव्या प्रशिक्षकांना वेळेचा तक्ता आणि नोंदींची वही द्या, गरज पडली तर मोसमाचे पहिले काही सराव त्यांच्यासोबत उभ्या राहा. त्याने पहिला पर्याय निवडला, तर नि:शंक मनाने काम चालू ठेवा. मात्र हाच प्रश्न पुढच्या वर्षी पुन्हा विचारा, कारण १२ वर्षांच्या मुलाचे उत्तर ११ वर्षांच्या मुलाच्या उत्तरापेक्षा वेगळे असू शकते आणि ते बदलण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे.